आनसाक्काच्या जीपचा डावा दिवा

एका गावात एक भोळा नवरा होता. त्याचं नाव हरबा.

हरबाला अक्कल नव्हती असं कुणी म्हणू नये. अक्कल होती. पण जेवढं सांगितलं तेवढंच करायचं, त्यात स्वतःचं काही घालायचं नाही, असा त्याचा प्रामाणिक स्वभाव होता. एकदा आईनं सांगितलं, "हरबा, म्हशीकडं जरा बघ." हरबा दिवसभर म्हशीकडं बघत बसला. म्हैस दावं तोडून गेली, ओढा ओलांडून गेली, शेजाऱ्याच्या उसात शिरली. हरबा बघतच होता. शेजारी बोंबलत आला तेव्हा हरबा म्हणाला, "आता एवढ्यात इथनंच गेली. चांगली चालली होती."

अशा हरबाला बायको मिळाली ती अनसूया. गाव तिला आनसाक्का म्हणायचं. आनसाक्काची जीप होती आणि ती स्वतः चालवायची. सकाळी गावातनं माणसं भरायची, तालुक्याला सोडायची, दुपारनंतर परत आणायची. या धंद्याला तिकडं वडाप म्हणतात. दहा माणसांच्या जीपमध्ये आनसाक्का सतरा बसवायची, आणि सतरावा उतरताना म्हणायचा, ऐसपैस आलो बघा. हरबाचं काम जीप धुवायचं. तो ती रोज धुवायचा. पाऊस पडत असला तरी छत्री धरून धुवायचा. आनसानं पदर खोचून गिअर टाकला की हरबाला वाटायचं, आपल्यासारखा नशीबवान माणूस पंचक्रोशीत नाही.

आता झालं असं की सोमवारी जीपचं पासिंग होतं. म्हणजे गाडी घेऊन तालुक्याच्या मैदानावर जायचं, सरकारी साहेब येणार, हॉर्न वाजवून बघणार, ब्रेक दाबून बघणार, दिवे लावून बघणार. सगळं ठीक असलं तर गाडी पास. नाहीतर गाडी दारात उभी, आणि गाडी उभी म्हणजे चूल थंड.

आणि बुधवारी सकाळी शेजारच्या एडक्यानं जीपच्या डाव्या दिव्यात आपलंच तोंड बघितलं. त्याला ते आवडलं नाही. त्यानं चार पावलं मागं जाऊन अशी धडक दिली, की दिवा फुटला.

आनसाक्का म्हणाली, "आवं, तालुक्याला जावा. मुल्लाणी शेठच्या दुकानातनं दिवा घेऊन या. आज मला वरच्या वाडीचं वऱ्हाड सोडायचंय."

हरबा गेला. मुल्लाणी शेठचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. जमिनीपासून छतापर्यंत खोकीच खोकी. मधे शेठ.

"दिवा पाहिजे," हरबा म्हणाला.

"कुठल्या गाडीचा?"

"आमच्या."

"अरे, तुमची कुठली?"

"आनसाची."

शेठनं श्वास घेतला. "कुठल्या सालची गाडी?"

हरबानं आठवून बघितलं. "घेतली त्या साली विहीर आटली होती."

"बरं. डावा पाहिजे का उजवा?"

हरबानं डोळे मिटले. जीप दारात कशी उभी असते ते आठवलं. मग डोळे उघडून खात्रीनं म्हणाला, "विहिरीकडचा."

दुकानात अजून नऊ गिऱ्हाइकं उभी होती. शेठनं हाताला लागलं ते खोकं पुढं केलं.

"बसंल नव्हं?" हरबानं विचारलं.

"बसंल, बसंल. हो पुढं."

हरबा घरी आला. आनसाक्कानं खोकं उघडलं. जीपची खोबण ताटलीएवढी, आणि दिवा परातीएवढा. तो बहुतेक एखाद्या मोठ्या ट्रकचा होता.

आनसाक्कानं कपाळाला हात लावला. "आवं, असं असतंय व्हय? नवं आणायचं असलं की आधी जुनं खोलायचं. सोबत घेऊन जायचं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचं. उंची बघायची, रुंदी बघायची, डावं का उजवं बघायचं. जुळलं तर घरी आणायचं. न्हाई जुळलं तर तिथनंच परत पाठवायचं. ध्यानात ऱ्हाईल का?"

"ऱ्हाईल."

"गाठ मारून ठेवा."

हरबानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्याच्या टोकाला गाठ मारली. घट्ट.

दुसरा दिवस गुरुवार. आनसाक्का तो परातीएवढा दिवा परत द्यायला आणि सकाळची माणसं सोडायला निघाली. जाता जाता म्हणाली, "दहाच्या एसटीनं शाळेच्या नव्या बाई येणार हायत. चौगुले बाई. हेरवाडे गुरुजींची बदली झाली, त्यांच्या जागी आल्यात. सरपंचांनी सांगितलंय, फाट्यावर जाऊन त्यांना घेऊन या."

"जुन्याच्या जागी नवं?" हरबानं विचारलं.

"व्हय."

हरबानं टॉवेलाची गाठ चाचपली. मग घरातला चौदा नंबरचा पाना घेतला आणि शाळेत गेला.

हेरवाडे गुरुजी ट्रंक भरत होते. अकरा वर्षांनी त्यांची त्यांच्या स्वतःच्या गावाला बदली झाली होती. ते गुणगुणत होते.

"गुरुजी," हरबा म्हणाला, "तुम्हाला खोलायचं हाय."

"काय?"

"खोलून फाट्यावर न्यायचं हाय. सोबत."

गुरुजींनी हरबाच्या हातातला पाना बघितला. गुणगुणणं थांबलं. ते निमूटपणे चप्पल घालून पुढं चालू लागले. हरबाला बरं वाटलं. गुरुजी सहज निघाले, गंजलेले नव्हते.

फाट्यावर एसटी आली. चौगुले बाई उतरल्या. ठेंगण्या, हसऱ्या, डोळ्यांवर चष्मा, हातात छत्री. त्या नमस्कार करणार एवढ्यात हरबानं त्यांना गुरुजींच्या शेजारी उभं केलं. मग टॉवेलानं दोघांची उंची मोजली. गुरुजी तीन टॉवेल आणि वर थोडे. बाई अडीच टॉवेलही भरेनात.

"चष्मा जुळतोय," हरबा म्हणाला. "मिशा न्हाईत."

"हे काय चाललंय?" बाई म्हणाल्या.

"गुरुजी, तुम्ही कुठल्या हातानं लिहिता?"

"डाव्या," गुरुजी कसेबसे म्हणाले.

हरबानं बाईंची छत्री बघितली. ती उजव्या हातात होती. त्यानं मान हलवली. मग बाईंची ट्रंक उचलून परत एसटीत ठेवली, बाईंनाही हात धरून पायरीवर चढवलं, आणि कंडक्टरला म्हणाला, "परत न्या. आम्हाला डावा पाहिजे. हा उजवा पाठवलाय."

कंडक्टरला उशीर झाला होता. त्यानं घंटी मारली. एसटी निघाली. खिडकीतनं बाईंचा आवाज ऐकू आला, "या गावात पुन्हा पाऊल टाकणार नाही!"

गुरुजी मैलाच्या दगडावर बसले. बराच वेळ उठले नाहीत.

दुपारी आनसाक्का परतली तेव्हा दारात सरपंच उभे होते आणि ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता. शाळेतली पोरं मात्र हरबाला बघितलं की टाळ्या वाजवत होती.

"आवं, माणूस काय मोजून घेत असत्यात?" आनसाक्का म्हणाली. "नवं कुणी दारात आलं म्हंजे ते पाव्हणं. पाव्हण्याला हात जोडायचे. नाव-गाव विचारायचं. पायांवर पाणी घालायचं. चहा पाजायचा. नको म्हणालं तरी आणखी घ्या म्हणायचं. मग मानानं घरी आणायचं. कळलं का?"

"कळलं."

हरबानं टॉवेलाला दुसरी गाठ मारली.

शुक्रवारी आनसाक्कानं या खेपेला काही नशिबावर ठेवलं नाही. फुटलेला दिवा स्वतः खोलला आणि पिशवीत घातला. चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीत गाडीचा नंबर, साल, कंपनीनं पट्टीवर ठोकलेला लांबलचक आकडा, आणि शेवटी मोठ्या अक्षरात 'डावा' आणि त्याखाली दोन रेघा. तिला दिवसभर भाडं होतं. ती म्हणाली, "पिशवी द्यायची, चिठ्ठी द्यायची, दिवा घ्यायचा, यायचं."

मुल्लाणी शेठनं चिठ्ठी वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर आदर आला. "गिऱ्हाईक असावं तर असं," ते म्हणाले. शिडी लावून छताजवळचं एक खोकं काढलं. जुना दिवा आणि नवा दिवा शेजारी शेजारी ठेवले. तीच काच, तेवढंच भोक, तोच वाक. जुळी भावंडं.

"घे. तंतोतंत. असला एकच होता दुकानात."

हरबाला इतका आनंद झाला की त्यानं टॉवेलानं तोंड पुसलं. तोंड पुसताना दुसरी गाठ नाकाला लागली. त्याला एकदम आठवलं. नवं आलंय, आणि आपण नुसतेच उभे!

त्यानं दिव्याला हात जोडले.

"नाव काय आपलं?"

दिवा काही बोलला नाही.

"लाजतोय," हरबा शेठना म्हणाला. "गाव कुठलं म्हणायचं?"

शेठ दुसऱ्या गिऱ्हाइकाला नट दाखवत होते. त्यांना वाटलं, खोक्यावरचं वाचायला जमत नाही याला. ते मान न वळवता म्हणाले, "पुण्याकडचा आहे."

"लांबनं आला," हरबा म्हणाला. कोपऱ्यात माठ होता. त्यानं तांब्या भरून आणला आणि दिव्याच्या बुडाशी पाणी ओतलं. दिव्याला पाय नव्हते, पण जिथं असते तिथं ओतलं. मग शेठसाठी आलेला चहा उचलला. दिव्याच्या मागं भोक होतं, बल्ब घालायचं. त्यातनं हळूहळू चहा ओतला. दिव्यानं सगळा घेतला. एक थेंब सांडला नाही.

"आणखी घ्या," हरबा म्हणाला.

एवढ्यात शेठ वळले. "थांब, घरी न्यायच्या आधी चालू करून दाखवतो," म्हणून त्यांनी दिव्यात बल्ब घातला आणि बॅटरीची तार लावली.

फट् असा आवाज झाला. दुकानात आल्याच्या चहाचा वास पसरला. दिव्याच्या आतनं काचेला एक तडा वरपासून खालपर्यंत गेला.

मुल्लाणी शेठ खाली बसले. मग उठले. "अरे, एकुलता एक डावा होता तो! आता शहरातनं मागवायला लागणार. रविवारी एसटीच्या पार्सलनं फाट्यावर येईल. आणि नीट ऐक! नवा माल नाजूक असतो. त्याला पाणी न्हाई, चहा न्हाई. पेंढ्यात घालायचा. गोणपाटात गुंडाळायचा. सुतळीनं आवळायचा. वर बाण काढायचा, ही बाजू वर. आणि आनसाक्का स्वतः येऊन सोडत न्हाई तोवर तू उघडायचा न्हाईस. समजलं?"

"समजलं."

हरबानं तिसरी गाठ मारली. शेठनं त्याला हाताला धरून दुकानाबाहेर नेऊन सोडलं.

शनिवारी आनसाक्काची आई येणार होती. हौसाबाई. पासिंगच्या आदल्या दिवशी टेकडीवरच्या देवीला नारळ फोडायचा, आणि तो आपल्या हातनं फोडायचा, असा तिचा दरवर्षीचा शिरस्ता होता. आनसाक्का सकाळी गाडी काढताना म्हणाली, "आई अकराच्या एसटीनं येतीय. तिची कंबर धरलीय. तब्येत नाजूक हाय. सांभाळून आणा."

"नाजूक?" हरबानं विचारलं.

"लई नाजूक."

हरबानं शेजाऱ्याची बैलगाडी मागून घेतली. गाडीत पेंढा भरला. गोणपाट घेतलं, सुतळीचा गुंडा घेतला.

हौसाबाई एसटीतनं उतरली. उंच बाई, आवाज त्याहून उंच. "जावईबापू, बरं हाय का?" ती म्हणाली. ते तिचं दुपारपर्यंतचं शेवटचं स्पष्ट वाक्य. हरबानं तिला उचलून पेंढ्यात ठेवलं. वरून पेंढा, मग गोणपाट, मग सुतळी. तोंड तेवढं बाहेर ठेवलं, कारण बाण काढायला जागा पाहिजे होती. विडीवाल्याकडनं कोळसा मागून आणला आणि हौसाबाईच्या कपाळावर, कुंकवाच्या वर, बाण काढला. हौसाबाईनं ओरडायला तोंड उघडलं आणि त्यात पेंढा गेला.

घरी आणून हरबानं तिला ओट्यावर सावलीत उभं टेकवून ठेवलं. बाण वरच्या बाजूला होता. मग तो समोर राखण बसला. बायामाणसं जमली.

"हरबा, काय आणलंस रं?"

"सासू."

"मग काढ की बाहेर!"

"आनसा आल्याबिगर उघडायचं न्हाई."

"अरे, पण ती हलतीया."

"हलू द्या. आपटायचं न्हाई एवढंच हाय."

दोन म्हाताऱ्या सुतळी सोडायला पुढं झाल्या. हरबा मधे हात पसरून उभा राहिला. त्याच्या मनात एकच होतं, कालचा दिवा आपल्यामुळं गेला, आजचा माल आपल्या हातनं खराब व्हायचा नाही.

बाराच्या सुमारास आनसाक्का आली. तिनं आधी गर्दी बघितली, मग गोणपाट बघितलं, मग बाणाखालचे डोळे बघितले. ती जीप तशीच चालू ठेवून पळाली.

सुतळी सुटली. हौसाबाईनं पहिल्यांदा चार शिंका दिल्या. त्यानंतर जे काही बोलली ते इथं सांगण्यासारखं नाही. आनसाक्कानं तिला पाणी दिलं, कपाळ पुसलं आणि आत नेऊन खाटेवर आडवं केलं. खाट आखूड होती. हौसाबाईचे पाय गुडघ्यापासून बाहेर लोंबायला लागले.

हरबाला वाईट वाटलं. तो दारातनं म्हणाला, "मामी, पाय जरा आखूड करता का?"

"आखूड?" हौसाबाई उठून बसली. "जावईबापू, कान उघडा आणि ऐका! पाव्हण्याला कमी-जास्त करत न्हाईत. पाव्हणा आला तसा असतोय. त्याला घरातलं काही लहान पडलं, तर ते बदलायचं. खाट लहान पडली, तर खाट परत करायची आणि मोठी आणायची. पाव्हण्याला हात लावायचा न्हाई!"

हरबानं चौथी गाठ मारली.

मग तो खाट डोक्यावर घेऊन पाटलांकडं गेला. पाटलांच्या सोप्यात एक लांबलचक खाट रिकामी पडली होती. त्यांनी आनंदानं बदलून दिली. हरबानं ती आणली. हौसाबाई पाय पसरून झोपली आणि घोरायला लागली.

आनसाक्का बघतच राहिली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. सांगितलेलं काम सांगितल्यासारखं झाल्याचा हा पहिलाच प्रसंग. तिनं शिरा केला. हरबाच्या वाटीत स्वतः वाढला आणि म्हणाली, "शाबास. अशीच अक्कल चालवा."

हरबानं शिरा वाटी पुसून खाल्ला. त्यानं ठरवलं, हीच अक्कल चालवायची. आता दुसरी नाही.

रविवार उजाडला. आनसाक्का आणि हौसाबाई नारळ घेऊन टेकडीवर निघाल्या. जाताना आनसाक्का म्हणाली, "दहाच्या एसटीनं पार्सल येईल. ते घेऊन या, आणि आमची वाट न बघता जीपला बसतंय का बघून ठेवा. बसलं न्हाई तर आजच्या आज बदलायला पाहिजे. उद्या सकाळी पासिंग हाय. काहीही करा, दिवा बसला पाहिजे."

"बसंल," हरबा म्हणाला.

पार्सल आलं. चौकोनी मोठं खोकं, पट्ट्या मारलेलं, वर बाण काढलेला. हरबानं पाणी घातलं नाही, चहा पाजला नाही. बाण आभाळाकडं ठेवून, दोन्ही हातांवर तोलत घरी आणलं. उघडायचा तर प्रश्नच नव्हता. आनसा टेकडीवर होती.

मग त्यानं खोकं जीपच्या खोबणीला लावून बघितलं.

बसेना.

आडवं लावलं. उभं लावलं. कोपरा आत घालून बघितला. जीपची खोबण लहान होती.

हरबा जीपसमोर मांडी घालून बसला आणि विचार करायला लागला. आजच्या आज बदलायला पाहिजे, हे खरं. पण काय बदलायचं? खोकं कालपर्यंत इथं नव्हतं. आज शहरातनं आलंय. म्हणजे खोकं पाव्हणं. पाव्हण्याला हात लावायचा नाही. त्याला काय लहान पडलं? जीप.

त्याला वाईट वाटलं. इतकी वर्षं त्यानं ती जीप धुतली होती. तिचा कुठला पत्रा कुठं खरखरीत आहे ते त्याला हातानं कळायचं. त्यानं शेवटचं एकदा तिला धुतलं, कोरडं पुसलं. मग ब्रेक सोडला, खोकं मांडीवर घेतलं आणि जीप उतारानं फाट्याकडं जाऊ दिली. चालवायला येत नव्हती, पण उतार सरळ होता आणि शेवटी खडीचा ढीग होता. जीप खडीच्या ढिगात जाऊन थांबली.

त्या खडीशेजारी एक रोड रोलर उभा होता. रस्ता दाबायला म्हणून तीन वर्षांपूर्वी आलेला. आल्या दिवशीच बंद पडला. कंत्राटदार तेव्हापासून दिसला नव्हता. राखणीला ठेवलेला मुकादम मात्र तिथंच अडकला होता, कारण रोलर टाकून जायचं नाही असं त्याला सांगितलेलं. तो रोलरच्या सावलीत झोपायचा, रोलरवर कपडे वाळत घालायचा, आणि रोज सकाळी उठून त्याला एक लाथ मारायचा.

रोलरच्या पुढच्या बाजूला दिव्याची लोखंडी चौकट होती. मोठी, चौकोनी. दिवा कुणीतरी केव्हाच काढून नेला होता.

हरबानं चौकट बघितली. खोकं बघितलं. वर चढून खोकं चौकटीत सरकवलं.

खट्.

वरून जागा नाही, खालून जागा नाही. बाण सरळ वर. हरबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मुकादम," तो म्हणाला, "ह्यो बदलून देता का? जीपवर?"

मुकादम उठून बसला. त्यानं रोलर बघितला. धुतलेली, चकचकीत जीप बघितली. "चालू हाय?"

"चालू हाय. मला चालवता येत न्हाई एवढंच."

"स्टेपनी?"

"स्टेपनीसकट. चावी आतच हाय. डिझेल कालच भरलंय."

मुकादमानं रोलरवरचं धोतर आणि लेंगा ओढून घेतला आणि जीपमध्ये बसला. पुढचं हरबाला नीट दिसलं नाही, कारण धुरळा फार उडाला.

रोलर घरी न्यायला गावातल्या बैलांच्या आठ जोड्या लागल्या. माणसं 'हर हर' म्हणत मागनं ढकलत होती. का ढकलतोय ते कुणी विचारलं नाही. रविवार होता, कुणाला काम नव्हतं. तीन वर्षं नुसती खडी टाकून पडलेला गावचा रस्ता त्या दिवशी पहिल्यांदा दाबला गेला. तसाच आनसाक्काच्या दारातला उंबराही दाबला गेला, कोंबड्यांचा खुराडाही दाबला गेला. कोंबड्या आधीच पळाल्या होत्या. त्यांच्याकडं स्वतःची अक्कल होती.

चारच्या सुमाराला आनसाक्का आणि हौसाबाई टेकडी उतरून आल्या. दाराशी येऊन थांबल्या. हौसाबाईच्या हातनं प्रसादाची वाटी पडली.

रोलरवर हरबा बसला होता. हसत होता. "बसला!" त्यानं वरूनच सांगितलं. "तंतोतंत!"

"जीप कुठाय?" आनसाक्का अगदी हळू म्हणाली.

"पाव्हण्याला लहान पडत होती. बदलून आणली. मामींनी सांगितल्यापरमानं."

हौसाबाईनं लेकीकडं बघितलं आणि मुकाट्यानं आत जाऊन त्या लांबलचक खाटेवर तोंडावरनं पदर घेऊन झोपली.

"आवं," आनसाक्का रोलरकडं बोट करून म्हणाली, "उद्या सकाळी पासिंग! ह्या धुडातनं मी वडाप करू? ह्याच्यावर माणसं कुठं बसायची?"

"माणसांचं तू काही बोलली न्हाईस," हरबा शांतपणे म्हणाला. "दिवा बसला पाहिजे म्हणालीस. बसला."

आनसाक्का पदर खोचून रोलरवर चढली. तिनं दोन्ही हातांनी खोकं चौकटीतनं उपसलं, पट्ट्या टराटरा फाडल्या, आत हात घातला. कागदाचे बोळे निघाले, पेंढा निघाला, आणि सगळ्यात शेवटी निघाला ताटलीएवढा, स्वच्छ, डावा दिवा. तिनं तो हातात फिरवून बघितला. तीच काच. तोच वाक. तिच्या जीपला असा बसला असता की साहेबांनी सुद्धा हात लावून बघितला असता. ती दिवा मांडीवर घेऊन रोलरवरच मटकन बसली.

हरबानं तो एवढासा दिवा बघितला. मग रोलरची ती एवढी मोठी चौकट बघितली. त्याचा चेहरा उतरला.

"अगं, खोकं काढलंस व्हय?" तो म्हणाला. "आता ह्याच्यात सैल पडणार की तो!"

हरबानं टॉवेल खांद्यावर टाकला आणि तो घाईघाईनं खाली उतरला.

"तू बस इथंच," तो म्हणाला. "उजेड हाय तोवर बारका रोलर कुठं मिळतोय का बघून येतो."